कोरड्या खुंट्या

पियानो टेंपोतून उतरवायला सात माणसं लागली आणि सल्ला द्यायला सत्तर. सिडकोतल्या त्या गल्लीत तोवर दोन घरांत टीव्ही आला होता, पण पियानो कुणी डोळ्यांनी बघितला नव्हता. कुणी म्हणालं कपाट आहे, कुणी म्हणालं कपाटाला एवढ्या पट्ट्या कशाला लागतात. पुंजारामनं कुणाचंच ऐकलं नाही. अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून त्याची बारा वर्षं गेली होती, दोन-दोन टनांची मशिनं त्यानं पहारीनं सरकवली होती. त्यानं दाराची चौकट एका बाजूनं काढली, खाली पाइपचे तुकडे घातले आणि पियानो आत घेतला. ओट्यावरचा पाण्याचा तांब्यासुद्धा हलला नाही.

गल्लीनं तोंडात बोटं घातली. पुंजाराम मिशीतल्या मिशीत हसला. तेवढं हसायचा त्याला हक्क होता, पुढं काय वाढून ठेवलंय ते कुठं ठाऊक होतं!

ही गोष्ट चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातली. पियानो देवळाली कॅम्पातल्या पिलूबाईंचा. पिलूबाई पारशी, एकट्या, कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत तीस वर्षं संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. पुंजारामची बायको चांगुणा त्यांच्याकडे तेरा वर्षं स्वयंपाकाला जात होती. सोबत लहानग्या लेकीला, मैनेला न्यायची. पोर स्वयंपाकघरात बसायची सोडून बाहेरच्या खोलीत जाऊन पियानोखाली बसायची. एक दिवस पिलूबाईंनी तिला खालून ओढून वर स्टुलावर बसवलं. तेव्हा मैना आठ वर्षांची होती. आता वीस वर्षांची झाली होती आणि पिलूबाईंच्या सगळ्या विद्यार्थिनींत तिच्यासारखा हात कुणाचाच नव्हता. हे चांगुणा सांगत नव्हती, पिलूबाई सांगत होत्या, आणि त्या सहसा कुणाचं कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या.

आता पिलूबाई बंगला बंद करून मुंबईला भाच्याकडे कायमच्या निघाल्या होत्या. शाळेत त्यांची जुनी जागा पुन्हा रिकामी झाली होती. त्यांनी शिफारसपत्र दिलं, तर मुख्याध्यापक दुसरा उमेदवार बघणार नव्हते. दिलं नाही, तर सिडकोतल्या फिटरच्या पोरीला शाळेच्या फाटकातसुद्धा कुणी उभं करणार नव्हतं. एवढी ती सरळ गोष्ट होती.

"पत्र मी लिवते," पिलूबाई म्हणाल्या होत्या, "पण आज नाय. वाजवता येते ते मला ठाऊक आहे. टीचरचं काम वाजवायचं नाय, सांभाळायचं. शाळेचा पियानो हिच्या हातात जाणार. माझा पियानो तुमी घेतला ना? नीट करा. मी जायच्या आधी एका रविवारी तुमच्या घरी येते, ऐकते, मग सही करते."

पुंजारामनं स्कूटरसाठी साठवलेले पैसे पियानोत घातले आणि त्याचं त्याला जराही वाईट वाटलं नाही. उलट पाठीला जणू पंख फुटले. पियानो म्हणजे काय? लाकूड, लोखंड, तारा आणि तरफा. म्हणजे मशीनच की! आणि मशीन म्हटल्यावर पुंजाराम.

त्यानं कारखान्यात आठ दिवसांची रजा टाकली आणि पियानो उघडला. आत उंदरांनी संसार थाटला होता. पट्ट्यांखालचा लोकरीचा नमदा कसरीनं खाल्ला होता, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांना बांधलेल्या फिती कुजून गेल्या होत्या. त्यानं भद्रकालीच्या बाजारातून नवा नमदा आणला, ब्लेडनं कापून एकेक गोल तुकडा बसवला. फितींच्या जागी परकराच्या नाड्या लावल्या. चांगुणानं दंतमंजन लावून पिवळ्या पट्ट्या पांढऱ्या केल्या. मैना एकेक पट्टी दाबून बघायची आणि म्हणायची, "दादा, ही अडकतेय. दादा, ही उशिरा उठतेय." पुंजाराम ती काढायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. संध्याकाळी बाप-लेकीच्या नाकातोंडात धूळ, आणि चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. इतके दिवस दोघं शेजारी बसून एका कामाला कधी लागलेच नव्हते.

सूर लावायला चिमाजी आले. तोफखान्याच्या बँडमधून निवृत्त झालेला माणूस, ऑफिसरांच्या मेसमधले पियानो तेच लावायचे. ताठ पाठ, पांढरी मिशी आणि तोंडाला फटकळ. वरचं झाकण उघडलं की आत दोनशेच्या वर लोखंडी खुंट्या होत्या, प्रत्येकीला तार गुंडाळलेली. चिमाजींनी किल्ली लावून खुंटी पिळली की कर्रर्र असा आवाज यायचा. त्यांनी दिवसभर खुंट्या पिळल्या आणि दिवसभर ती करकर घरात चालली.

"आज अर्धाच चढवलाय," जाताना चिमाजी म्हणाले. "एकदम ताणला तर तारा तुटतील. चार दिवस बसू दे. सोमवारी येतो, मग पुरा चढवतो."

चार दिवस पुंजारामच्या कानातून ती करकर जाईना. फिटरच्या कानाला करकर म्हणजे मशीनचं रडणं. कारखान्यात त्याचा नेमच होता, दर शनिवारी तेलाची बुदली घेऊन प्रत्येक मशीनचा प्रत्येक सांधा बघायचा. त्याच्या हाताखालचं मशीन कधी कुरकुरलं नव्हतं. मग पोरीच्या पियानोनं का कुरकुरावं? रविवारी दुपारी चांगुणा आणि मैना भाजी आणायला गेल्या होत्या. पुंजारामनं झाकण उघडलं, बुदलीची बारीक चोच प्रत्येक खुंटीच्या मुळाशी टेकवली आणि दोन-दोन थेंब सोडले. दोनशेच्या वर खुंट्या, एकही सोडली नाही. वरचं तेल फडक्यानं स्वच्छ पुसलं आणि झाकण लावलं. बोलला मात्र कुणाला नाही. सोमवारी चिमाजींना आपसूक कळेल, मग सांगू, असा त्याचा बेत होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथं ते होतं.

सोमवारी चिमाजींची किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली. पुंजाराम कोपऱ्यात उभा राहून सुखावला. चिमाजींच्या कपाळाला मात्र आठी पडली. त्यांनी एक सूर चढवला, पुढचा चढवला, तोवर मागचा उतरला होता. पुन्हा चढवला, पुन्हा उतरला. दुपारपर्यंत त्यांचा सदरा घामानं भिजला. तोवर दारात शेजारचे चारजण जमले होते.

शेवटी चिमाजींनी किल्ली खाली ठेवली. "खुंटी लाकडात आवळून बसते, तेव्हा ती तार धरते. करकरते ना, ती तिची पकड. ही पकडच सुटलीय." मग ते पुंजारामकडे वळले. "कुणी तेलबिल तर सोडलं नाही ना? नाही, विचारतो आपलं. असलं काम एखादं गाढवच करील."

एका क्षणात पुंजारामला सगळं कळलं. ती करकर रडणं नव्हतं. तीच पकड होती आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं, बुदली घेऊन, खुंटी खुंटी मोजून घालवली होती. दारातले चौघं त्याच्याकडे बघत होते. चांगुणा बघत होती. मैना पट्ट्यांपाशी उभी होती.

"नाय," पुंजाराम म्हणाला. "तेल कोण कशाला सोडील?"

"मग फळीच कुजलीय. ज्यात खुंट्या बसतात ती. बाईनं कुजकं लाकूड गळ्यात मारलं तुमच्या."

चांगुणाचा संताप अनावर झाला. तेरा वर्षं त्या बाईच्या घरी पोळ्या लाटल्या, आजारपणात उशाशी बसले, आणि तिनं हे पांग फेडले? "येऊ दे रविवारी. तोंडावर सांगते तिला!"

"आई, तू काही बोलायचं नाहीस," मैना पटकन म्हणाली. "बोलायचं ते मी बोलेन."

पुंजारामनं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. मंगळवारपर्यंत सगळ्या गल्लीत झालं की पारशिणीनं पुंजारामला फसवलं. जो तो येऊन हळहळायचा. "तुझ्यासारख्या कारागिराला फसवलं म्हणजे कमाल झाली बघ!" प्रत्येक हळहळीबरोबर खरं बोलणं आणखी अवघड होत गेलं. सोमवारी सांगितलं असतं तर नुसतं गाढव ठरला असता, आता गाढव आणि लबाड असं दोन्ही ठरणार होता. बुधवारी त्यानं गुपचूप खडूची पूड खुंट्यांच्या मुळाशी भरली. गुरुवारी चार खुंट्या उपसून भोकांत पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून घातली. त्या चार धरल्या. पण दोनशे खुंट्या उपसायच्या, पुसायच्या, भरायच्या, पुन्हा सूर लावायचा, म्हणजे महिन्याचं काम होतं, आणि हातात दिवस होते तीन. ते कामही सगळ्यांना कारण सांगितल्याशिवाय करता येणार नव्हतं.

मैना रोज सकाळी उतरलेल्या सुरांवर सराव करायची. तक्रार नाही, चौकशी नाही. पुंजाराम समोर जेवायला बसायचा आणि ताटात नुसती बोटं फिरवायचा. सांगावं, आत्ता सांगावं, असं दिवसातून दहादा मनात यायचं. मग मैना "दादा, आमटी वाढू?" असं विचारायची आणि तो म्हणायचा, "वाढ."

रविवारी सकाळी तिघं नेहमीसारखे विहारात गेले. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. पुंजाराम लहानपणापासून ते म्हणत आला होता, पण त्या दिवशी त्याची जीभ टाळ्याला चिकटली. त्यानं कावरंबावरं होऊन इकडंतिकडं बघितलं. बायकांच्या रांगेत मैनेचेही ओठ मिटलेले होते. पोरीला आजच्या वाजवण्याची धास्ती बसलीय, त्याला वाटलं, आणि त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहाच्या सुमाराला रिक्षा गल्लीत शिरली. पिलूबाई काठी टेकत उतरल्या, रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. पांढरी साडी, हातात काळी पर्स. खुर्चीवर बसल्या, चांगुणाचा चहा घेतला, पियानोकडे बघून म्हणाल्या, "पट्ट्या तर एकदम माझ्या लहानपणीसारख्या केल्या! कोणी केल्या? चांगुणा? वा. चल दीकरी, वाजव."

मैना बसली आणि वाजवू लागली. पहिल्या ओळीतच दोन सूर घसरले. डोळे मिटून बसलेल्या बाईंनी तिसऱ्या ओळीला डोळे उघडले. चौथ्या ओळीला काठी जमिनीवर आपटली.

"बस. काय झाला याला?"

मैनेचे हात पट्ट्यांवर थांबले. बाहेर दाराशी शेजारी गोळा झाले होते. पुंजारामनं तोंड उघडलं. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता.

"फळी आधीपासूनच खराब होती, बाई," मैना म्हणाली. ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती. "चिमाजीकाकांनी बघितली. लाकूड कुजलेलं आहे."

"माझा पियानो कुजलेला? तुला बारा वरस त्याच्यावर शिकवला तो?"

"हो."

पुंजारामनं तोंड मिटलं. हे त्यानं का केलं ते पुढं त्याला आयुष्यभर सांगता आलं नाही. पोटची पोर त्याच्या पापासाठी आपल्या गुरूला खोटं ठरवत होती आणि तो भिंतीला टेकून उभा होता, नुसता उभा.

पिलूबाई उठल्या. पियानोजवळ गेल्या, झाकण वर केलं, आत हात घातला. एका खुंटीच्या मुळाशी बोट फिरवलं, बोटावर अंगठा चोळला आणि हात नाकाजवळ नेला. मग रुमाल काढून बोटं पुसली, एकेक बोट, सावकाश. पर्स उचलली.

"चांगुणा, चहा छान होता," एवढंच बोलून त्या बाहेर पडल्या. पत्राचं नाव नाही. चांगुणा मघापासून भांडायच्या तयारीत होती, पण बाईंचा चेहरा बघून तिला पदर तोंडाशी धरण्यापलीकडे काही सुचलं नाही.

रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा कुठं पुंजाराम जागा झाला. तो धावत बाहेर गेला आणि रिक्षाच्या दांड्याला धरून उभा राहिला. गल्ली बघत होती. बघू दे.

"बाई, तेल मी घातलं. लाकूड चांगलं होतं. माझ्या हातानं मी वाटोळं केलं आणि सगळ्यांना खोटं सांगितलं. पोरीला काय ठाऊक नाय, बाई. तिला कोणी तसं सांगितलं ते ती बोलली. माझ्यापायी तिची जागा घालवू नका. मला काय बोलायचं ते बोला." शेजाऱ्यांनी प्रत्येक शब्द ऐकला होता.

पिलूबाईंनी रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला लावलं.

"तेलाचा वास मला दारात आला, पुंजाराम. मी सत्तर वरसांची, अर्धा नाक गेलेला. आणि ती पोरगी रोज त्या पियानोला तोंड लावून बसते, तिला नाय आला?"

पुंजारामनं मान वळवून घराच्या दाराकडे बघितलं.

"बारा वरस मी तिला बघते. खोटं बोलायचं असलं का ती बोटांकडे बघते. माझ्याकडे बघून एक अक्षर खोटं तिला येत नाय. मी आत मनात म्हटलं, ही खोटं बोलते, हिच्या हातात शाळेची मुलं कशी द्यायची? कोणासाठी बोलते ते मला नाय कळला." त्यांनी पर्स उघडली, एक पाकीट काढलं, त्यातलं पत्र गुडघ्यावर ठेवलं आणि पेनानं खाली सही केली. लिहून आणलंच होतं. "हे घे. तिच्या हातात तूच दे. कसा मिळाला, तेपण तूच सांग. माझी गाडी दुपारची आहे. आता सोड."

रिक्षा गल्लीच्या तोंडाकडे निघाली. पुंजाराम पाकीट घेऊन आत आला. ती दहा पावलं चालताना सोमवारपासूनचा एकेक प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढून जात होता, प्रत्येक प्रसंगात मैना कुठं उभी होती ते त्याला आता दिसत होतं.

मैना अजून स्टुलावरच बसली होती.

"मैना," तो म्हणाला, "तेल मी घातलं होतं."

"माहीत आहे, दादा."

"कधीपासून?"

"गेल्या रविवारी भाजी घेऊन आलो तेव्हापासून. पट्टी दाबली आणि वास आला." तिनं वर बघितलं नाही. "सोमवारी चिमाजीकाकांनी विचारलं, तेव्हा वाटलं तुम्ही सांगाल. मग वाटलं उद्या सांगाल. रोज वाटायचं. आजसुद्धा बाईंनी विचारलं तेव्हा मी जरा थांबले होते."

पुंजाराम स्टुलाशेजारी जमिनीवर बसला. ती थांबली होती हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्याच वेळात तो शब्द त्याच्या दातांपर्यंत आला होता.

"मग खोटं कशाला बोललीस, पोरी? जागा गेली असती तुझी."

"दारात सगळे होते ना, दादा," ती म्हणाली. "तुम्हाला सगळे कारागीर म्हणतात."

पुंजारामला रडू कोसळलं. दारातल्या शेजाऱ्यांना त्यानं लपवलं नाही, आता लपवायला उरलंही काही नव्हतं. त्यानं पाकीट पुढं केलं. "बाईंनी सही केली. मी सांगितलं त्यांना. सगळं सांगितलं."

मैनेनं पाकिटाकडे बघितलं, पण हात पुढं केला नाही. तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला.

"म्हणजे बाई गेल्या?"

"आत्ताच. कोपऱ्यापर्यंत गेली असेल रिक्षा."

"मी त्यांना म्हटलं, तुमचा पियानो कुजका आहे," मैना म्हणाली, आणि स्टूल मागं लोटून उठली. दारातल्या माणसांना बाजूला सारत, चप्पल न घालता, मेच्या तापल्या रस्त्यावरून ती धावत सुटली. "बाई! बाई, थांबा!" ती ओरडत होती. चांगुणा दाराशी आली. पुंजारामही उठला, पाकीट हातात धरून उंबऱ्यापर्यंत गेला, पण तिच्या मागे जायची त्याची हिंमत झाली नाही. लांब कोपऱ्यावर रिक्षा वळता वळता थांबलेली त्याला दिसली.